राशीची राखण

विठानं राशीभोवती राखेची रेघ ओढत आणली आणि जिथून सुरू केली होती तिथंच नेऊन मिळवली. हात झटकले, भाताच्या ढिगाला नमस्कार केला आणि वाकलेली कंबर दोन्ही हातांनी धरून हळूहळू सरळ केली. मळणीचं मशीन दुपारी यायचं ते उन्हं कलल्यावर आलं. शेवटची पेंढी निघेपर्यंत सूर्य डोंगराआड गेला. दिवा लागल्यावर रास मापायची नाही, उचलायची नाही. अंधारात लक्ष्मी हलवली की ती वाट चुकते आणि भलत्याच घरी जाते, असं विठाची सासू सांगायची. आता रास सकाळपर्यंत इथंच.

आणि रास एकटी ठेवायची नाही, हेही आलंच.

"जितेश येतोय ना गं काकी?" ट्रॅक्टरवर चढता चढता जनूनं विचारलं. मळणीचं मशीन त्याचंच.

"येतोय तं. गोधड्या नि भाकरी घेऊन येतोय."

जितेश तिचा एकुलता एक. त्याचा फोन दुपारपासून बंद होता, हे काही तिनं जनूला सांगितलं नाही.

जनूनं खळ्याच्या कडेला दगडावर बसलेल्या बाईकडे पाहिलं. "मावशी, चला, तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडतो. नंतर इथनं रिक्षा नाय भेटायची."

"नको दादा," ती म्हणाली. "माझं बोलणं राहिलंय."

ती कुंदा. विठाची विहीण, सून ऋतिकाची आई. दुपारीच उल्हासनगरहून आली होती. मांडीवर पर्स, पायाशी फुगलेली कॅरीबॅग. आल्यापासून तिनं चहा घेतला, मजुरांना पाणी दिलं, मशीनचा आवाज केवढा म्हणाली, धूळ केवढी म्हणाली. पण ज्यासाठी आली होती ते काही तोंडातून निघालं नव्हतं. ऋतिका नवरात्रात माहेरी गेली ती अजून परतली नव्हती, आणि आता संक्रांत तोंडावर आली होती.

ट्रॅक्टरचा आवाज खरवई गावाच्या दिशेनं विरत गेला. तिकडच्या नव्या टॉवरमध्ये एकेक खिडकी पेटायला लागली. इकडे डोंगरावरून वारं उतरलं. बदलापूरचा वारा तो. मुंबईची थंडी शालीत मावते, इथली हाडात घर करते. कुंदानं पदर कानावरून ओढून घेतला.

"ताई, त्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून बसूया का आपण?"

"ताडपत्री भाताला," विठा म्हणाली. "रात्री दव पडतं ना. माणसाला पेंढा."

दोघींनी मिळून ताडपत्री राशीवर पसरली, कडेला दगड ठेवले. मग विठा कामाला लागली. तिनं पेंढ्याचे भारे ओढत आणले आणि डोंगराच्या बाजूनं एकावर एक रचून कमरेएवढी भिंत उभी केली. त्या आडोशाला फावड्यानं एक लांबट खड्डा उकरला, गुडघाभरही खोल नाही. खड्ड्यात बाभळीची खोडकी आणि गोवऱ्या रचून पेटवल्या. बांधावरचे चार गुळगुळीत दगड आणून जाळाच्या कडेला ठेवले.

"हे कशाला?"

"पायाशी घ्यायला. गोणपाटात गुंडाळून. नवऱ्यापेक्षा बरे. घोरत नायत."

कुंदा हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. मग तिचा फोन वाजला, तशी ती हसू पुसून उभी राहिली. वाऱ्यात नीट ऐकू येईना म्हणून तिनं स्पीकर लावला.

"मम्मी, कुठे आहेस? पप्पा विचारतायत."

"अगं, शेतावर आहे, तुझ्या सासूबाईंबरोबर. रास राखायची आहे. आज इथंच राहते."

मग ऋतिकानं विचारलं, "ते आहेत तिथे?"

"नाहीत."

"नक्की?"

"नाहीत गं. आम्ही दोघीच आहोत."

"मग राहा." ती पुढं म्हणाली, "आईंना सांग, कानाला बांधा. त्यांना वारं लागलं की कान दुखतो."

विठा जाळात लाकूड सारत होती. तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं मात्र पदराचं टोक काढून कानावरून घट्ट बांधलं.

जितेश आला नाही. भाकरीही आली नाही. मजुरांना दिलेल्या भाकरीतली दीड भाकर आणि मिरचीचा ठेचा फडक्यात उरला होता, तो दोघींनी वाटून खाल्ला. अंधार नीट पडल्यावर थंडी अशी काही वाढली की कुंदाचे दात वाजायला लागले. विठानं तिच्याकडे बघितलं.

"बॅगेत काय हाय एवढं? शाल-बील हाय का?"

कुंदा घुटमळली. मग तिनं बॅग उघडली आणि आतून जीन्सच्या दोन पॅंट काढल्या. कोऱ्या, निळ्याशार. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात ती एका कारखान्यात जीन्सचे धागे कापायचं काम करायची. "जावयांसाठी आणल्यात. सेठनं रिजेक्टमधनं दिल्या. रिजेक्ट म्हणजे काय, एका खिशाची शिलाई वाकडी आहे, बस. अंगावर कळणार पण नाही."

भांडायला आलेली बाई जावयाला पॅंट आणत नाही. घराचं दार पुन्हा उघडणार, असं तिला एकदम वाटलं. नवरात्रापासून ते घर नुसतं भांड्यांचा आवाज करत होतं. विठा काहीही सांगायला लागली की जितेश टीव्हीचा आवाज वाढवायचा. ऋतिका तशी नव्हती. ती भाजी निवडता निवडता हात थांबवून विचारायची, "मग काय झालं, आई?" आणि सांगणाऱ्याला आणखी काय लागतं?

"दोन हायत ना?" विठा म्हणाली. "मंग चढवा एक."

"अहो, जावयांच्या..."

"जावय गरम हाय कुठंतरी. तुम्ही गारठल्यात. चढवा."

आणि खरवईच्या शिवारात, टॉवरांच्या दिव्यांसमोर, दोन विहिणींनी साड्या गुडघ्यावर घेऊन जीन्स चढवल्या. विठाला ती कमरेत सैल झाली, तिनं सुतळीनं बांधली. कुंदाला मांड्यांत अडकली, तिला एका पायावर उड्या माराव्या लागल्या. विठा हसून हसून खाली बसली.

"तिकडे धरणाच्या बाजूला मुंबईची पोरं पैसे भरून तंबूत झोपतात म्हणे," कुंदा धापा टाकत म्हणाली. "कॅम्पिंग."

"मंग बघा. आपलं फुकटात झालं."

लाकडं जळून निखारे झाले. विठानं थोडे कडेला काढून ठेवले, बाकीचे फावड्यानं खड्डाभर सारखे पसरले आणि वरून माती लोटली, वीतभर जाडीची. हात लावून बघितलं, आणखी थोडी लोटली. त्यावर पेंढा अंथरला, हात खुपसला तर कोपरापर्यंत जाईल एवढा. दोघींनी पाय पेंढा कोंबलेल्या पोत्यांत घातले, गरम दगड पायाशी घेतले आणि उरलेली बारदानं खांद्यावर ओढून आडव्या झाल्या. थोड्याच वेळात खालून ऊब वर चढायला लागली. चुलीपाशी निजलेल्या मांजरासारखं अंग सैल पडलं.

"अगंबाई," कुंदा पुटपुटली. "गादीच की ही. टोचते तेवढीच."

"माझ्या सासऱ्यांना ह्याच खळ्यावर बिबट्या भेटलेला."

"खरंच?"

"दौलतराव नाव त्यांचं. असाच पौषाचा गारठा. सासरे शेकत बसलेले, तवढ्यात समोर हा येऊन बसला. पुढचे दोन पाय जाळाकडं करून. सासरे घाबरले नायत. म्हटले, पाव्हणा आलाय थंडीचा, हाकलायचा कसा? त्यांनी बिडी काढली, एक त्याला पुढं केली."

"ओढली त्यानं?"

"नाय. म्हणाला, खोकला हाय."

कुंदा हसायला लागली आणि तिला खरोखरच खोकला आला. विठानं तिच्या पाठीवर हात फिरवला. तो हात तिथंच राहिला, कारण पाठ गरम होती आणि विठाची बोटं थंड.

"ऋतिकाला ही सांगितलीत ना तुम्ही?" कुंदा म्हणाली. "आमच्या शेजारच्या पोरांना सांगत असते. तिच्या गोष्टीत बिबट्या चहा मागतो."

"साखर कमी टाक म्हणतो का?"

"हो."

"ते चहाचं तिचं सवताचं. मी नाय सांगितलेलं." विठाला ते फार आवडलं. ती अंधारात बराच वेळ हसत राहिली. मग हसू संपलं. लांब कुठंतरी कुत्री भुंकत होती. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं फडफडलं आणि दगडानं ते धरून ठेवलं.

कुंदा आभाळाकडे तोंड करून बोलायला लागली. बाजूला माणूस असला तरी तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं.

"गेल्या आठवड्यात आमचा बल्ब गेला. हे स्टुलावर चढले. बदलायला हात वर केला, एवढंच. ही खाली भांडी लावत होती. हिनं ताट टाकलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली. अशी." पेंढा कुरकुरला. कुंदानं कोपरं वर घेतली होती. "बाप आहे तो तिचा. आयुष्यात बोट लावलं नाही त्यांनी तिला. ते तसेच स्टुलावर उभे. हातात बल्ब. उतरायला पण सुचेना त्यांना."

जितेश आणि ऋतिकाची खोली आणि विठाची खोली, मध्ये एकच भिंत होती. एका विटेची.

"मी तिला विचारलं नाही," कुंदा म्हणाली. "तिनं सांगितलं नाही. पण आई आहे मी."

"हं."

"पण ताई, आमची एक खोली. मुलाचं लग्न ठरतंय. वस्तीतल्या बायका रोज नळावर विचारतात, काय गं, पोरगी अजून इथंच? हे म्हणतात, जाऊन बोल, काहीतरी तोडगा काढ. म्हणून आले." तिनं कूस बदलली. आता तिचा श्वास विठाच्या गालाला लागत होता. "जावयांशी नाही बोलायचं मला. मला तुमचा शब्द पाहिजे. तुम्ही म्हणा की मी आहे, माझं लक्ष राहील, तिला काही होऊ देणार नाही. तुमच्या शब्दावर मी तिला संक्रांतीला आणून सोडते. वाण घेऊन स्वतः येते."

झालं. ज्याची विठा नवरात्रापासून वाट बघत होती ते आपल्या पायानं चालत येऊन तिच्या पेंढ्यात निजलं होतं. एक हो म्हणायचं. संक्रांतीला हळदीकुंकू, हिरवा चुडा, चुलीपाशी कुणीतरी हात थांबवून विचारणार, मग काय झालं? हो तिच्या ओठापर्यंत आलं.

"निजा जरा," ती म्हणाली. "उजाडल्यावर बोलू."

कुंदा निजली. विठा नाही. मातीखालचे निखारे मंदावत गेले तसा तिनं आपल्या बाजूचा पेंढा थोडा थोडा काढून कुंदाच्या पाठीशी सारला. गार पडलेले दगड उठून पुन्हा कडेच्या विस्तवात ठेवले, तापल्यावर पोत्यात गुंडाळून कुंदाच्या पायाशी दिले. मधेच ती राशीला फेरी मारून आली. पायवाटेकडे बघत जरा वेळ उभी राहिली. पायवाटेवर बॅटरी नव्हती, बिडीचा ठिपका नव्हता, कुणी नव्हतं. एका रात्रीचं काम. भाताच्या ढिगाशेजारी येऊन नुसतं झोपायचं. तेवढंही ज्याला सांगून होत नाही, त्याच्याबद्दल ती शब्द देणार होती. आणि ती कोण? साठी ओलांडलेली, पावशेर अंगाची बाई. मधली भिंत एका विटेची होती, तरी रात्री उठून ते दार वाजवायला तिला किती वेळ लागायचा, हे तिचं तिला ठाऊक होतं.

तांबडं फुटायच्या आधी थंडीनं शेवटचा दणका दिला. तोंडातून वाफा निघायला लागल्या. कुंदा उठून बसली, केसांत पेंढ्याच्या काड्या. विठानं तिच्या शेजारी बसून पोतं दोघींच्या गुडघ्यांवर ओढलं.

"विहीणबाई, एक राहिलं सांगायचं. तुम्ही शहरातल्या, तुम्हाला माहीत नसेल. आमच्यात एक रीत हाय."

"कसली?"

"रास खळ्यावर असली की घरच्या पुरुषानं तिच्यापाशी झोपायचं असतं. तो नाय झोपला, बाईलाच झोपायला लागलं, तं त्या सालात घरात सून आणीत नायत. बाहेर असली तं बाहेरच ठेवायची. आणली तं वाईट असतं."

"काय वाईट असतं?"

"वाईटच. घराला सोसत नाय."

"हे त्या बिबट्यासारखं आहे का, ताई?"

"नाय," विठा म्हणाली. ती हसली नाही. "हे खरं हाय."

उजेड अजून धड झाला नव्हता, पण तोंडं दिसायला लागली होती. कुंदानं विठाचं तोंड नीट बघितलं, माल तपासताना शिलाई बघतात तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. विठानं डोळे हलवले नाहीत. फक्त नाकातून पाणी आलं ते पदरानं पुसलं. थंडीचं येतंच.

"आमच्याकडे कुणालाच माहीत नाही अशी रीत," कुंदा शेवटी म्हणाली.

"आता झाली माहीत."

"एका सालाची ना?"

"एका सालाची. पुढल्या साली पुन्हा बघायचं, कोण झोपतो ते."

कुंदानं मान हलवली. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ह्यांना सांगता येईल. नळावरच्या बायकांना पण सांगता येईल. रीतच आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?" बोलता बोलता तिनं हात पुढं करून विठाच्या केसांतली एक काडी काढली. मग दुसरी. विठा मान खाली घालून बसली आणि तिनं काढू दिल्या. लहान पोरीसारखी.

उन्हं आल्यावर टेंपो आला. जितेश ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून उतरला. डोळे सुजलेले, तोंडात बडीशेप. रास बघून त्यानं शीळ घातली. "भारीच झालाय की यंदा." मग सासू दिसली तसा तो चपापला. दोघींनी केव्हाच साड्या नीट केल्या होत्या.

"मामी, तुम्ही? रात्रभर इथं? अगं आई, फोनची बॅटरी गेलेली, मित्राकडं अडकलो..."

"पोती उतरव," विठा म्हणाली.

त्यानं पोती उतरवली. ताडपत्री काढली. विठानं राशीला कुंकू लावलं, पहिलं सूप भरून देवाच्या नावानं बाजूला ठेवलं. कुंदा पोत्यांच्या सुतळ्या सोडवत बसली होती. तिच्याशेजारी उकिडवा बसून जितेशनं आवाज मऊ केला.

"मामी, मंग संक्रांतीला आणताय ना तिला? झालं गेलं. मी काय मनात ठेवलं नाय."

विठाचं सूप राशीत होतं, ते तिथंच थांबलं.

कुंदानं सुतळीची गाठ आधी सोडवून घेतली. "कसं जमणार जावईबापू? घरचा माणूस राशीपाशी झोपला नाही. यंदा आणता येत नाही तिला. वाईट असतं."

"कोण बोलला?" जितेश हसला, मग हसायचा थांबला. त्यानं सासूकडे बघितलं, मग आईकडे. "असं काय नसतं. आई? मी तं कधीच ऐकलं नाय असलं."

"ऐकायला इथं असायला लागतं," विठा म्हणाली.

तिनं काठोकाठ भरलेलं सूप उचललं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"पोत्याचं तोंड धर. दोन्ही हातांनी."